आठवा गडी

मित्रांनो, आज सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुमच्या संघात एक गडी आहे. सगळ्यांत चांगला. त्याच्या जिवावर संघ चालतो. पण गेले तीन-चार सामने त्याचं काही म्हणता काही जमत नाहीये. उद्या महत्त्वाचा सामना आहे आणि कप्तान तुम्ही आहात. त्याला खेळवाल, की बाहेर बसवाल?

उत्तर मनातल्या मनात देऊ नका. एका चिठ्ठीवर लिहा, घडी घाला आणि कंपासपेटीत ठेवून द्या. लेख वाचून झाला की उघडा. मी ही चिठ्ठी नववीत असताना लिहिली होती. कागदावर नव्हे, पण लिहिली होती. आणि तिचं उत्तर चूक होतं की बरोबर, हे मला आजही एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून तर हा लेख.

माझं गाव रिठद. ते आता वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात आहे. पण ही गोष्ट १९९४ सालच्या डिसेंबरातली. तेव्हा वाशिम जिल्हा झालाच नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे आम्ही वहीवर ऐटीत 'जिल्हा अकोला' असं लिहायचो. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी. तिला लागतं काय? थोडी भुसभुशीत केलेली काळी माती, फक्कीच्या चार रेघा आणि चौदा पोरं. गुडघे फुटले तर माती लावायची, की झालं.

एका संघात सात गडी मैदानात उतरतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मी आठवा होतो. आठव्या गड्याची कामं सांगू? सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. ज्याच्याकडे घड्याळ असेल त्याचं घड्याळ आपल्या मनगटावर बांधून बसायचं. मध्यंतराला लिंबू कापून मीठ लावून द्यायचं. आणि आपला एखादा गडी लंगडायला लागला, की तोंडावर काळजी आणि पोटात आनंद, अशी कसरत करायची. हसू नका. जो कधी राखीव गडी झाला असेल, त्याला ही कसरत पाठ असते.

आमचा मुख्य चढाईपटू माझ्याच वर्गातला. त्याचं नाव इथं सांगत नाही, कारण आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि त्याची मुलंही हे वाचतील. तो चढाईला निघाला की समोरचे सात जण आपोआप दोन पावलं मागं सरकायचे. उंच नव्हता, दांडगाही नव्हता. पण पाय असा झपकन टाकायचा, की ज्याला शिवला त्याला पंचांनी हात वर केल्यावरच कळायचं!

आणि त्या डिसेंबरात काय झालं कोण जाणे, तो सापडायला लागला. आधी एकदा, मग दोनदा, मग दर सामन्यात. कबड्डीत मुख्य चढाईपटू सापडणं फार महाग पडतं. समोरच्यांना गुण मिळतो तो मिळतोच, वर तो बाद होऊन बाहेर बसतो आणि आपला कोणी गुण मिळवीपर्यंत संघ एका गड्यानं लंगडा राहतो. एका चुकीची दोनदा किंमत. आमचे तीन सामने असेच गेले.

आता माझी करामत ऐका. माझ्याकडे एक पाठकोरी वही होती. बाहेर बसून दुसरं काम काय? मी त्याच्या चढाया मोजायला लागलो. तीन सामन्यांत २४ चढाया. त्यांत ५ गडी टिपले, १० वेळा सापडला आणि उरलेल्या वेळी हात हलवत परत आला. हा हिशेब घेऊन मी आमच्या खेळाच्या सरांकडे गेलो. तालुक्याच्या गावी, रिसोडला, मोठा सामना होता, त्याच्या आदल्या दिवशी.

"सर, त्याले बसवा ना उद्या. पाहा, दहा वेळा सापडला."

सरांनी वही हातात घेतली. नीट पाहिली. मग विचारलं, "याच्या आधीचं कुठं हाय? पावसाळ्यातल्या सामन्यांचं?"

"थे नाही लिहिलं सर."

"काहून?"

मी गप्प. कारण खरं उत्तर असं होतं, की तेव्हा तो जिंकून देत होता आणि ते मोजायची मला गरजच वाटली नव्हती. त्याचं चुकायला लागलं, तेव्हाच माझी पेन्सिल चालायला लागली.

मित्रांनो, इथं गोष्ट थोडी थांबवतो आणि तुम्हाला एक खेळ देतो. एक रुपयाचं नाणं घ्या. छाप पडली तर 'गडी टिपला', काटा पडला तर 'सापडला'. वीस वेळा उडवा आणि ओळीनं लिहून काढा. नाण्याला दमायला होत नाही, त्याचं घरी भांडण होत नाही, त्याला परीक्षेची भीती नसते. तरीही पुष्कळदा सलग चार काटे पडलेले दिसतील. सलग पाच किंवा जास्त काटे पडण्याची शक्यता वीस उडवण्यांत जवळजवळ शंभरात पंचवीस असते. म्हणजे चौघांनी हा खेळ मांडला, तर चौघांपैकी साधारण एकाच्या कागदावर सलग पाच काटे! मग त्या नाण्याचा 'फॉर्म गेला' असं म्हणायचं का? त्याला बाहेर बसवून दुसरं नाणं आणायचं का?

माणूस म्हणजे नाणं नव्हे, हे खरं. पण तीन सामने पाहून निकाल देणाऱ्यानं हा खेळ आधी एकदा खेळावा. वाईट दिवसांची रांग कधी कधी नुसती लागते, तिच्यामागं काहीच नसतं. आणि गंमत अशी, की फार वाईट दिवसानंतर बहुधा साधा दिवसच येतो, तो कोणी रागावल्यामुळं येतो असं नाही. डॅनियल काहनेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला, ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्राएलच्या विमानदलातल्या एका शिक्षकानं सांगितलं होतं, की शाबासकी दिली की मुलं पुढच्या वेळी बिघडतात आणि ओरडलं की सुधारतात. काहनेमन यांना त्यात निराळंच दिसलं. शाबासकी मिळते फार छान उड्डाणानंतर आणि ओरडा बसतो फार वाईट उड्डाणानंतर. पुढचं उड्डाण दोन्हीकडं नेहमीसारखंच होतं. श्रेय मात्र ओरड्याला मिळतं!

मग काय, कोणाला कधी बसवूच नये? तसंही नाही. आता एक उलटी गोष्ट ऐका.

त्याच १९९४ सालची, जून महिन्यातली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची, म्हणजे एनबीएची अंतिम मालिका चालू होती. न्यूयॉर्क निक्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स. सात सामन्यांची मालिका. न्यूयॉर्कचा जॉन स्टार्क्स नावाचा खेळाडू एके काळी दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून द्यायचं काम करायचा आणि तिथून इथवर आला होता. सहाव्या सामन्यात त्यानं २७ गुण केले, त्यांतले १६ शेवटच्या पावात. अगदी शेवटच्या क्षणी त्याचा फेकलेला चेंडू ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवाननं अडवला, नाहीतर अजिंक्यपद तिथंच न्यूयॉर्कला मिळालं असतं. ८६-८४. दोन गुणांनी हार.

२२ जूनला सातवा सामना झाला. स्टार्क्सनं १८ वेळा बास्केटचा प्रयत्न केला आणि फक्त २ वेळा चेंडू आत गेला. लांबून, तीन गुणांसाठी त्यानं ११ वेळा फेकला, एकदाही गेला नाही. अकरापैकी शून्य! बाकावर रोलँडो ब्लॅकमन हा जुना, अनुभवी नेमबाज बसून होता. प्रशिक्षक पॅट रायली यांनी त्याला त्या सामन्यात एक मिनिटही उतरवलं नाही. न्यूयॉर्क ९०-८४ असं हरलं. पुढं रायली यांनीच कबूल केलं, की ती आपली मोठी चूक होती.

आता तुम्ही म्हणाल, रायली मूर्ख होते का? मुळीच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं तीन दिवसांपूर्वीचे २७ गुण होते. 'आता जाईल, पुढचा जाईल' असं त्यांना वाटत राहिलं. ज्यानं इथवर आणलं, त्याला शेवटच्या सामन्यात बाहेर काढायला मन धजत नाही.

पण बास्केटबॉलमध्ये एक सोय आहे, ती लक्षात घ्या. तिथं पाच गडी खेळतात आणि बदली गडी कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. एखाद्याला पाच मिनिटं बसवलं, पाणी पाजलं, दोन शब्द सांगितले आणि परत पाठवलं, असं चालतं. तिथं बाकावर बसणं ही शिक्षाच असायला हवी असं नाही, ती विश्रांतीही असू शकते. स्टार्क्सला दहा मिनिटं बसवणं म्हणजे 'तू संपलास' असं सांगणं नव्हतं. आपल्या कबड्डीतही बदली गडी घेता येतो. क्रिकेटमध्ये मात्र अकरांतून नाव गेलं, की तो कसोटी सामना गेलाच. म्हणून 'बसवावं का?' असा प्रश्न विचारण्याआधी 'किती वेळ?' हे विचारायला हवं.

क्रिकेटचं निघालंच आहे तर आपल्याकडच्याच दोन जणांची गोष्ट सांगतो. आपल्या नगर जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे आणि आपल्या विदर्भातच, नागपूरला जन्मलेला रोहित शर्मा. २०१७ च्या शेवटी श्रीलंकेविरुद्ध रहाणेनं पाच डावांत मिळून १७ धावा केल्या. पाच डावांत सतरा! जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिली कसोटी आली. रहाणे उपकप्तान होता, परदेशातल्या खेळपट्ट्यांवर त्याची कामगिरी चांगली होती. पण सध्याचा फॉर्म पाहून त्याला बसवलं आणि रोहितला घेतलं. रोहितनं दोन कसोट्यांच्या चार डावांत ७८ धावा केल्या आणि भारत दोन्ही कसोट्या हरला. तिसऱ्या कसोटीत, जोहान्सबर्गच्या अंगावर चेंडू उसळणाऱ्या खेळपट्टीवर, रहाणे आत आला. दुसऱ्या डावात ४८ धावा. आकडा लहान दिसतो ना? पण ज्या खेळपट्टीवर धोकादायक म्हणून खेळ मध्येच थांबवावा लागला, तिथल्या त्या धावा होत्या. भारत ६३ धावांनी जिंकला.

आणि पुढं सात वर्षांनी काळाचं चाक फिरलं. आता रोहित कप्तान होता आणि त्याच्याच बॅटला गंज चढला होता. ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१ धावा. ३ जानेवारी २०२५ ला सिडनीची कसोटी सुरू झाली, तेव्हा रोहित स्वतःहून बाहेर बसला. कप्तानानं स्वतःलाच बसवलं! भारत तीही कसोटी हरला. म्हणजे बघा, चालत नसलेल्याला बसवलं की सामना जिंकतोच, असंही नाही. त्यानंतर ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून सामनावीर कोण ठरला? रोहितच. मात्र कसोटीत तो परत आला नाही, मे महिन्यात त्यानं कसोटी क्रिकेट सोडलं. एकाच माणसाला बाहेर बसवणं एका खेळात विश्रांती ठरलं आणि दुसऱ्यात शेवट.

आता त्याहून जुनी एक गोष्ट सांगतो. ही मला फार आवडते. मडगावला जन्मलेले दिलीप सरदेसाई १९६९ मध्ये भारताच्या संघातून बाहेर गेले होते. 'संपला' असं लोक म्हणत होते. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी संघ निवडताना नवे कप्तान अजित वाडेकर यांनी सरदेसाईंसाठी आग्रह धरला. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत भारताचे ७५ धावांत ५ गडी बाद झाले होते. तिथून सरदेसाईंनी २१२ धावा केल्या. पुढच्या कसोटीत ११२, चौथ्या कसोटीत १५०. मालिकेत एकूण ६४२ धावा. वेस्ट इंडीजला भारतानं पहिल्यांदा हरवलं ते याच मालिकेत.

वाडेकरांनी काय पाहिलं असेल? गेल्या दोन-तीन डावांचे आकडे नक्कीच नाही. ते त्या माणसाला मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं जवळून ओळखत होते. त्यांची वही, माझ्या वहीसारखी शेवटच्या तीन पानांची नव्हती.

आणि याच वाडेकरांचं पुढं काय झालं? १९७४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात भारत तिन्ही कसोट्या हरला, लॉर्ड्सवर तर अख्खा संघ ४२ धावांत बाद झाला. परत आल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं. त्यांनी खेळ सोडला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी दुसऱ्यासाठी आग्रह धरला, त्यांच्या वेळी तेवढा आग्रह धरणारं कोणी निघालं नाही.

चला, परत रिठदला येऊ. कारण माझी गोष्ट अजून अर्धी राहिली आहे आणि तिचा अवघड भाग पुढंच आहे.

तो का सापडत होता, हे सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बैलगाडीवरून पडून त्याच्या बाबांचा पाय मोडला होता. ते महिनाभर खाटेवर होते. शेतात गहू उभा होता आणि मोटारीची लाइन यायची रात्री. थोरला भाऊ नाही. मग ओलित कोण करणार? हाच. रात्री बाराच्या सुमाराला कंदील घेऊन शेतात जायचं, मोटार सुरू करायची, एक वाफा भरला की दांड फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं. डिसेंबरची थंडी आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात. पहाटे घरी येऊन तास-दोन तास डोळा लागला न लागला, की शाळा. आमचं शेत त्यांच्या धुऱ्याला धुरा लागून. मला त्यानं स्वतः सांगितलं होतं आणि बजावलंही होतं, "सरले सांगू नको बे. सर मले घरी बसवतीन."

मी सांगितलं नाही. मैत्री राखली म्हणून नाही, मित्रांनो. सांगितलं असतं, तर सरांनी त्याची काहीतरी सोय केली असती, त्याला झोप मिळाली असती, तो परत पहिल्यासारखा खेळला असता आणि मी आठवाच राहिलो असतो. हे मी तेव्हा स्वतःशी असं स्पष्ट बोललो नव्हतो. पण मला ते कळत होतं. दहा वेळा सापडल्याचे आकडे मी सरांपुढं ठेवले आणि अकरावी गोष्ट खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रिसोडला सरांनी संघ सांगितला. "पहिला हाफ तू खेळ," मला म्हणाले. त्याच्याकडे वळून म्हणाले, "तू जरा थांब. मंग पाहू." तो काहीच बोलला नाही. माझ्या चपला त्यानं उचलून आपल्याजवळ ठेवल्या.

मी खेळलो. काय सांगू! बाहेर बसून मैदान लहान वाटतं. आत गेलं की समोरचे सात जण सतरा वाटतात. मी सात चढाया केल्या, एक गुण मिळवला आणि तीनदा सापडलो. हे आकडे वहीत नाहीत. मी ते लिहिलेच नाहीत. पण विसरलोही नाही.

मध्यंतर झालं तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागं होतो. सर त्याला उतरवायचं म्हणून वळले आणि पाहतात तर तो आमच्या कपड्यांच्या ढिगावर डोकं ठेवून गाढ झोपलेला. मैदानात एवढा आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या, आणि हा मेल्यासारखा झोपलेला. पायाच्या भेगांत गव्हाच्या वावरातला वाळलेला चिखल.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "हा काहून झोपला रे?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं.

"तुले कधीपासून माहीत हाय?"

"पंधरा दिवस झाले, सर."

सर काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला उठवलं नाही. आपला रुमाल काढून त्याच्या तोंडावर टाकला, ऊन लागू नये म्हणून. दुसरा हाफही मीच खेळलो. आम्ही नऊ गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारीच बसले होते, पण रिठद येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी सर त्याच्या घरी गेले. मग आमच्या घरी आले. बाबांशी ओट्यावर बसून बोलले. ओलिताची पाळी लागली. दोन रात्री आमचे बाबा, दोन रात्री पलीकडच्या शेतातले काका, उरलेल्या रात्री त्याचा मामा. आठवडाभर सरांनी त्याला सरावाला येऊच दिलं नाही. म्हणाले, "झोप. हाच तुया सराव."

जानेवारीत पुढचा सामना आला. तो खेळला. ११ चढायांत ६ गडी टिपले, दोनदा सापडला. या वेळी मी पहिल्या चढाईपासून लिहीत होतो. काही चमत्कार झाला नाही. तो मुळात जसा होता, तसा परत झाला, एवढंच. आणि मी परत लिंबं कापायला बसलो.

त्याच संध्याकाळी घरी जाताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. वही, आकडे, सरांकडं जाणं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले खेळाचं होतं ना बे? मले सांगतं तं मीच बसलो असतो. मले त डोयेच उघडे ठेवनं होत नव्हतं."

मित्रांनो, हे वाक्य मला आजपर्यंत पुरलं आहे. त्याला बाहेर बसवायला हवं होतं का? होय, हवं होतं. रात्र रात्र जागलेल्या पोराला चढाईला पाठवणं हे त्याच्यावरही अन्याय आणि संघावरही. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. पण मी ते चुकीच्या कारणानं दिलं होतं आणि खरं कारण दडवून दिलं होतं. आठवडाभर झोपण्यासाठी बसवणं आणि 'याचं आता चालत नाही' म्हणून बसवणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बसणाऱ्याला मात्र फरक कळतो.

तेव्हा पुढं कधी तुमच्यावर ही वेळ आली, तर चार गोष्टी स्वतःला विचारा. एक, मी किती दिवसांचं पाहतो आहे? तीन पानांचं, की सगळ्या वहीचं? दोन, याच्या चुकण्यामागं काही कारण आहे का, आणि ते मी त्याला विचारलं का? तीन, बसवायचं तर किती वेळ, आणि परत कधी घेणार, हे त्याला तोंडावर सांगितलं का? आणि चौथी सगळ्यांत अवघड. तो बाहेर बसला तर आत कोण जाणार आहे? मीच तर नाही ना? तसं असेल तर आपल्या मताला जरा कमी मार्क द्या.

हे फक्त खेळापुरतं नाही. स्नेहसंमेलनातल्या नाटकात मुख्य काम करणारी मुलगी वाक्यं विसरायला लागते, वर्गातला पहिला नंबर अचानक सातवा येतो, तेव्हाही असंच होतं. आपण पटकन म्हणतो, 'गेला कामातून!' कोणाच्या पायाच्या भेगांत कुठल्या वावरातला चिखल आहे, ते कोण पाहतं?

आता कंपासपेटी उघडा. चिठ्ठीवर काय लिहिलंय? 'खेळवीन' असेल तर स्टार्क्सचे ते अठरा प्रयत्न आठवा. 'बसवीन' असेल तर सरदेसाईंच्या २१२ धावा आठवा. आणि दोन्हींच्या आधी 'त्याला विचारीन' असं लिहिलं असेल, तर शाबास! मला हे सुचायला एक सामना हरावा लागला होता.